दहा शेतांवरून अख्ख्या मंडळाचा उतारा ठरतो, हे कितपत खरं मानायचं?

काळ्यारानातला
नमस्कार मंडळी. शेतीतले आणि गणितातले जाणकार इथे दोन्ही आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

आमच्याकडे सोयाबीन. २०२५च्या खरिपापासून एक रुपयातला पीक विमा बंद झाला आणि राज्यात भरपाई मुख्यतः पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावर ठरू लागली. म्हणजे मोठा भार त्या प्रयोगांवर आला. महसूल मंडळात कितीतरी गावं, हजारो शेतं, आणि प्रयोग होणार दहा-बारा. तेवढ्या ठिकाणी दहा बाय पाच मीटरचा चौकोन आखायचा, त्यातलं पीक कापायचं, मळायचं, तोलायचं आणि त्यावरून सांगायचं की अख्ख्या मंडळात हेक्टरी इतके क्विंटल पिकलं.

माझं म्हणणं असं. एक, हजारो शेतांतली दहा म्हणजे काहीच नाही. शंभरात निदान दहा शेतं तरी तपासायला हवीत. दोन, दहाच घ्यायची असतील तर गावातल्या जाणत्या माणसांनी "हे मध्यम रान आहे" अशी बघून द्यावीत. आकडे काढून, चिठ्ठ्या टाकून कुठलंही शेत उचलण्यात काय अर्थ आहे?

गणितवाल्यांनी समजावून सांगावं. चिडून विचारत नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

गोदाकाठ
पूर्ण सहमत. आमच्या शेजारच्या गटात प्रयोग झाला. त्या रानाला विहिरीचं पाणी आहे. आमचं कोरडवाहू. त्याचा उतारा माझ्या नावावर कसा काय?

सातारी_तडका
शितावरून भाताची परीक्षा करतातच की आपल्याकडे. दहा शितं म्हणजे खूप झाली! :)

मंजिरी_वि
@सातारी_तडका, ती परीक्षा चालते कारण एका पातेल्यातली सगळी शितं एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. शितांमध्ये फरक जवळपास नसतो, म्हणून एक पुरतं. मंडळात बरड आहे, भारी काळी जमीन आहे, विहीर बागायत आहे, नाल्याकाठचं पाणी साचणारं रान आहे. तिथे एका शेतावरून काहीच कळणार नाही.

@काळ्यारानातला, तुमचे दोन्ही मुद्दे मी कॉलेजात दरवर्षी ऐकते, आणि दोन्हींची उत्तरं मला फार महत्त्वाची वाटतात.

आधी "शंभरात किती" हा मुद्दा. अंदाज किती नेमका येणार हे दोन गोष्टींवर ठरतं. शेताशेतात फरक किती, आणि नमुन्यात शेतं किती. एकूण शेतं किती याचा संबंध जवळजवळ नाही. फरक मोजायला प्रमाण विचलन वापरतात. ते नमुन्यातल्या शेतांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागलं की सरासरीची प्रमाण त्रुटी मिळते. समजा मंडळात उताऱ्याचं प्रमाण विचलन हेक्टरी ५ क्विंटल आहे. दहा शेतं घेतली तर ५ भागिले ३.१६, म्हणजे साधारण १.६ क्विंटल. मंडळात दोन हजार शेतं असोत की वीस हजार, हा १.६ हलत नाही. एकूण संख्येसाठी एक दुरुस्तीचा गुणक असतो, पण दोन हजारांत दहा घेतली तर तो ०.९९७ च्या आसपास येतो, म्हणजे नसल्यातच जमा.

"शंभरात दहा" हा नियम लावला तर पन्नास शेतांच्या वाडीत पाच शेतं येतील, जी फारच कमी आहेत, आणि वीस हजार शेतांच्या मंडळात दोन हजार येतील, जी कुणालाच कापता येणार नाहीत.

वर्गमुळामुळे आणखी एक गोष्ट होते. त्रुटी निम्मी करायची तर शेतं चौपट लागतात. दहाची चाळीस केली की १.६ चं ०.८ होतं. तेव्हा दहा कमी आहेत ही तुमची तक्रार अगदी रास्त आहे, पण त्याचं कारण टक्केवारी नाही. शेताशेतात फरक मोठा आहे, हे कारण आहे.

काळ्यारानातला
टक्केवारीचं पटलं. पण मग जाणत्या माणसांनी निवडण्यात वाईट काय? तुम्हीच म्हणता फरक मोठा आहे. मग मध्यम रान निवडलं की काम झालं.

मंजिरी_वि
हा वाद सोडवायला एक जुनं उदाहरण आहे. इटलीत १९२१ची जनगणना झाली. पुढच्या जनगणनेसाठी जागा करायची होती, म्हणून जुन्या कागदांचा फक्त एक नमुना राखायचं ठरलं. कोर्राडो जिनी आणि लुईजी गाल्वानी या दोघांनी २१४ जिल्ह्यांपैकी २९ असे निवडले की सात महत्त्वाच्या बाबतींत त्यांची सरासरी देशाच्या सरासरीशी जुळावी. अत्यंत काळजीपूर्वक, विचार करून केलेली निवड. आणि मग बघितलं तर बाकीच्या बाबतींत तो नमुना देशाशी जुळेना. ज्या सातांवर निवड केली त्यांच्याही सरासरीपलीकडच्या गोष्टी, म्हणजे फरक किती आणि एका गोष्टीचा दुसरीशी संबंध कसा, हे बिघडलेलं होतं.

१९३४ साली संख्याशास्त्रज्ञ येझी नेमन यांनी लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे हेच उदाहरण घेऊन दाखवलं की यदृच्छ, म्हणजे चिठ्ठी टाकून केलेली, निवड का हवी. "मध्यम रान" निवडणाऱ्या जाणत्याच्या डोक्यात मध्यमाची एक प्रतिमा असते, आणि ती चूक असेल तर ती किती चूक आहे हे मोजायला काहीच साधन उरत नाही. चिठ्ठीने निवडलं की प्रत्येक शेताला निवडलं जाण्याची ठरलेली संभाव्यता मिळते, आणि मग आलेल्या आकड्यांवरूनच त्रुटी किती असेल हे काढता येतं. चिठ्ठीचा खरा उपयोग हा आहे.

तुमच्या जाणत्या माणसांचं ज्ञान वाया घालवायचं असं मात्र मुळीच नाही. त्यांनी मंडळाचे थर पाडून द्यावेत. बरड एक थर, भारी जमीन एक, बागायत एक. आणि मग प्रत्येक थरात चिठ्ठी टाकावी. ज्या थरात फरक जास्त आणि क्षेत्र मोठं, तिथे प्रयोग जास्त. हे वाटपही नेमन यांच्याच त्या लेखात आहे. तेवढ्याच दहा शेतांत बऱ्यापैकी चांगला अंदाज मिळतो.

सातारी_तडका
नेमन यांचं नाव निघालं म्हणून सांगतो, आणि हे सांगताना मला खराच अभिमान वाटतो. लंडनमध्ये त्याच काळात त्यांच्या हाताखाली एक सातारचा मुलगा शिकत होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, गाव बुध, खटाव तालुका. फर्ग्युसनमधून बी.एस्सी., मग युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन. १९३५ साली त्यांनी थरांच्या नमुन्यावरच निबंध लिहिला. पुढे दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत गेले आणि आज जे पीक कापणी प्रयोग चालतात त्याची बैठक त्यांनी घालून दिली. १९५१ला रोमला एफएओत (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) गेले ते सांख्यिकी विभागाचे प्रमुख म्हणून. निवृत्तीनंतर पुण्यात.

खटावसारख्या दुष्काळी तालुक्यातल्या माणसाने शेतात किती पिकलं हे मोजायची रीत देशाला दिली, हे आमच्याकडच्या प्रत्येक शाळेत सांगायला हवं.

निवृत्त_नांगर
वा, सुखात्मेंचं नाव वाचून बरं वाटलं. मी कृषी खात्यात होतो, हे प्रयोग हाताने केलेत. प्रत्यक्षात कसं होतं ते लिहितो, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही.

गावाच्या पिकाखालच्या गटांतून यदृच्छ आकड्याने गट निवडायचा. शेतात गेल्यावर नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं. तिथून लांबीच्या बाजूने किती पावलं आणि रुंदीच्या बाजूने किती, हेही यदृच्छ आकड्यांवरून. त्या जागी पहिली खुंटी. मग टेपने १० मीटर, ५ मीटर, कर्ण मोजून काटकोन तपासायचा, चार खुंट्या, सुतळी ताणून बांधायची. सुतळी जमिनीलगत हवी, पिकाच्या डोक्यावरून नाही. आतलं पीक कापून ताडपत्रीवर गोळा करायचं, झोडपायचं, उफणायचं आणि वजन.

५० चौरस मीटरचा प्लॉट, हेक्टरचा दोनशेवा भाग. वजन ४.२ किलो भरलं तर गुणिले २०० म्हणजे ८४० किलो, हेक्टरी ८.४ क्विंटल. बघा, प्लॉटमध्ये पाव किलोचा फरक झाला की हेक्टरी अर्धा क्विंटल हलला. म्हणून ताडपत्रीच्या घडीत राहिलेले दाणेसुद्धा आम्ही झटकून घ्यायचो.

सातारी_तडका
नैऋत्य कोपरा? हे वास्तुशास्त्राचं काम तर नाही ना?

निवृत्त_नांगर
नाही हो. सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून सुरुवात करावी एवढ्यासाठी. नाहीतर माणूस आपोआप रस्त्याच्या बाजूने, जिथे पीक उभं दिसतं तिथून शिरतो.

आणि गोम सुतळीतच आहे. सुतळीखाली येणारं झाड आत धरायचं की बाहेर? बुंधा आत असेल तर आत, हा नियम. पण कापणाऱ्याचा हात नेहमी आतल्या बाजूने पडतो. चांगलं शेंगांनी लगडलेलं झाड सुतळीवर दिसलं की ते आतच येतं. कुणी मुद्दाम करतं असं नाही, हाताचा स्वभाव आहे.

मंजिरी_वि
@निवृत्त_नांगर, किती मोलाची माहिती दिलीत! सुखात्मे आणि संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा गाजलेला वाद नेमका या सुतळीवरचाच.

महालनोबिस १९३७पासून बंगालमध्ये तागाचे नमुना सर्वेक्षण करत होते. पीक कापायला त्यांना लहान गोल चकत्या पसंत होत्या. त्यांचं गणित असं की प्लॉट लहान ठेवला तर तेवढ्याच कष्टात जास्त ठिकाणी जाता येतं, आणि ठिकाणं वाढली की त्रुटी कमी होते. वर्गमुळाच्या नियमाने हे बरोबरच आहे. सुखात्मेंनी १९४६ साली "नेचर"मध्ये दाखवलं की लहान प्लॉट उत्पादन फुगवून सांगतात. कारण कडेची झाडं.

आकडे घालून बघा. दोन फूट त्रिज्येची चकती, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर. कापणाऱ्याने चहूबाजूंनी फक्त ५ सेंटिमीटर जास्त घेतलं तर त्रिज्या ६५ झाली. क्षेत्र ६५ चा वर्ग भागिले ६० चा वर्ग, म्हणजे १७ टक्के जास्त. तीच ५ सेंटिमीटरची चूक दहा बाय पाचच्या प्लॉटमध्ये केली तर १०.१ गुणिले ५.१, म्हणजे ५१.५ चौरस मीटर. ३ टक्के. माणूस तोच, चूक तीच, पण प्लॉट मोठा असल्यामुळे तिचा परिणाम सहापट कमी.

मला या धाग्यात सगळ्यात जास्त जीव तोडून सांगावंसं वाटतं ते हेच. चूक दोन जातीची असते. एक यदृच्छ चूक, कधी वर कधी खाली. ती शेतं वाढवली की कमी होते. दुसरी एकाच दिशेची, तिला अभिनती म्हणतात. ती शेतं वाढवून कमी होत नाही. १७ टक्के फुगवणाऱ्या चकत्या दहाच्या दहा हजार केल्या तरी उत्तर १७ टक्के फुगलेलंच येणार, फक्त ते फुगलेलं उत्तर फार आत्मविश्वासाने येणार.

अभय_अ
महालनोबिसांवर थोडा अन्याय होतोय. त्यांना माणसांच्या चुकांची पूर्ण जाणीव होती. एकाच भागात दोन स्वतंत्र पथकं पाठवून, दोघांचे स्वतंत्र नमुने घेऊन ताडून बघायची पद्धत त्यांचीच. दोन्ही पथकांचे आकडे फार वेगळे आले की मोजणीत गडबड आहे हे लगेच कळतं. आज पीक कापणीत असं दुसरं पथक असायला हवं की नको, सांगा.

मंजिरी_वि
असायलाच हवं. मात्र दोन्ही पथकांचा हात आतल्याच बाजूने पडत असेल तर दोघांचे आकडे छान जुळतील आणि दोन्ही चूक असतील. पथकापथकातला फरक त्यातून सापडतो, सगळ्यांची मिळून असलेली सवय सापडत नाही. त्यासाठी सुखात्मेंनी केलं तेच, लहान प्लॉट आणि मोठा प्लॉट शेजारी ठेवून तुलना.

गोदाकाठ
मोजणीचं सगळं ठीक. माझ्या प्रश्नाचं काय? माझं रान पाण्याखाली गेलं आणि मंडळाचा आकडा चांगला आला तर मला काय मिळणार? काहीच नाही.

जोखीम_मापक
@गोदाकाठ, तुमचं दुःख खरं आहे, आणि ते अंदाजाच्या चुकीपेक्षा वेगळं आहे म्हणून स्पष्ट लिहितो. उद्या मंडळातलं प्रत्येक शेत कापून तोललं, त्रुटी शून्य झाली, तरी तुमचा तोटा त्यातून भरून येणार नाही. कारण ही योजना मोजते ती मंडळाची सरासरी. तुमच्या शेताचा उतारा तिच्या प्रश्नातच नाही. विमा व्यवसायात मी रोज हे बघतो. प्रयोग दुप्पट करा ही मागणी आणि माझ्या शेताचा पंचनामा करा ही मागणी, या दोन वेगळ्या लढाया आहेत. एकत्र केल्या तर दोन्ही हरतात.

आता आणखी एक गोष्ट, जी फारशी कुणी बोलत नाही. भरपाईचं सूत्र: उंबरठा उत्पादनातून (ज्याच्या खाली गेलं की भरपाई लागू होते तो आकडा) प्रत्यक्ष उत्पादन वजा, भागिले उंबरठा, गुणिले विमा संरक्षित रक्कम. प्रत्यक्ष उत्पादन उंबरठ्यापेक्षा जास्त असेल तर शून्य. समजा उंबरठा १० आहे आणि मंडळात खरोखर १० क्विंटलच पिकलं. अंदाज निःपक्षपाती आहे, कधी ११.५, कधी ८.५. जास्त आला तर भरपाई शून्य. कमी आला तर १५ टक्के. सरासरीने साडेसात टक्के भरपाई जाते, खरा तोटा शून्य असताना. उत्पादनाचा अंदाज सरळ असला तरी त्यावरून काढलेली भरपाई सरळ राहत नाही. कंपनी हे ओळखून हप्ता वाढवून लावते. म्हणजे प्रयोग कमी ठेवून वाचवलेला पैसा हप्त्यातून बाहेर जातो. प्रयोग वाढवणं शेतकऱ्याच्याही हिताचं आणि सरकारच्याही.

कुतूहल
मी बी.एस्सी.ला आहे. एक शंका. सर म्हणतात "९५ टक्के विश्वास अंतराल". म्हणजे खरं उत्पादन त्या दोन आकड्यांच्या मध्ये असण्याची संभाव्यता ९५ टक्के, बरोबर?

मंजिरी_वि
नेमन यांच्या अर्थाने नाही. मंडळाचं खरं सरासरी उत्पादन हा एक ठाम आकडा आहे. आपल्याला माहीत नाही एवढंच. बदलतो तो आपला नमुना, आणि त्याबरोबर अंतराल. याच पद्धतीने पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या टाकून शेतं निवडली आणि दरवेळी अंतराल काढलं, तर शंभरातली सुमारे ९५ अंतरालं खऱ्या आकड्याला कवेत घेतील. हातात आलेलं हे एक अंतराल त्या ९५ पैकी की उरलेल्या ५ पैकी, हे ते अंतराल सांगत नाही.

अभय_अ
आणि म्हणूनच मला बेझची वाट आवडते. आमच्या मंडळात सोयाबीन हेक्टरी ४० क्विंटल पिकत नाही हे प्रयोग करण्याआधीच माहीत आहे. गेल्या सात वर्षांचे आकडे आहेत, पाऊस किती झाला माहीत आहे. हे ज्ञान संभाव्यतेच्या रूपात मांडायचं आणि दहा प्रयोगांच्या पुराव्याने त्यात बदल करायचा. मग "संभाव्यता ९५ टक्के" असं सरळ म्हणता येतं.

मंजिरी_वि
म्हणता येतं, पण पैशांच्या वादात ते सुरुवातीचं ज्ञान कुणाचं घ्यायचं? कंपनीचं की शेतकरी संघटनेचं? दोघांची सुरुवात वेगळी असेल तर दहा प्रयोगांनंतरही उत्तरं वेगळी राहतील. चिठ्ठीच्या पद्धतीत निदान दोघांना एकच आकडा मान्य करावा लागतो. माझं मत इथे ठाम आहे.

अभय_अ
माझंही ठाम आहे. :) पण उपग्रहाचं काय? २०२३पासून "येस-टेक" नावाने उपग्रह आणि हवामानाच्या माहितीवरून उत्पादनाचा अंदाज योजनेत आलाय. उपग्रह तर सगळीच शेतं बघतो.

मंजिरी_वि
बघतो सगळी, पण तोलत एकही नाही. हिरवेपणा दिसतो, शेंगेत दाणा भरला की नाही हे दिसत नाही. यलो मोझॅक रोग पडला किंवा शेवटच्या टप्प्यात पाणी तुटलं तर पाला आणि उतारा यांचं नातं बदलतं. सगळ्यात चांगलं म्हणजे दोन्ही जोडणं. दहा शेतांत उतारा आणि हिरवेपणा यांचं नातं काढायचं, आणि सगळ्या मंडळाचा हिरवेपणा घेऊन सरासरी दुरुस्त करायची. याला समाश्रयण अंदाज म्हणतात. नातं घट्ट असेल तर त्रुटी बरीच उतरते. पण पाया ती दहा शेतंच.

पुण्याची_पेठ
थोडं विषयांतर करते, सुखात्मेंचं नाव आलंय म्हणून. त्यांचा आणि अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांचा वाद कुणाला आठवतो का? दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली रोजचे २२५० उष्मांक ही रेषा धरून भारतातली गरिबी मोजली. सुखात्मेंचा आक्षेप असा होता की २२५० ही सरासरी गरज आहे. माणसामाणसांत गरज वेगळी, आणि एकाच माणसाची रोजची गरजही कमीजास्त होते. धडधाकट माणसांतही सुमारे निम्मे सरासरीच्या खाली असणारच. मग सरासरीलाच रेषा मानलं तर पुरेसं खाणारेही उपाशी म्हणून मोजले जातील. त्यांनी रेषा बरीच खाली ओढली.

मंजिरी_वि
आणि दांडेकरांचं उत्तरही तितकंच वजनदार होतं. रेषा खाली ओढली की भुकेला माणूस आकडेवारीतून गायब होतो. दोघेही पुण्यातले, दोघेही तळमळीने लिहिणारे. मी वर्गात हा वाद शिकवते तेव्हा मुलांना सांगते की सरासरी आणि तिच्याभोवतीचा फरक यांतलं काय धरायचं, यावर किती माणसं गरीब ठरतात हे बदलतं.

गोदाकाठ
मंडळी, विमा. विमा!

काळ्यारानातला
हो, परत येऊ या. @मंजिरी_वि, एक संपूर्ण उदाहरण करून दाखवाल का? म्हणजे मंडळाचे आकडे मिळाले की आम्हाला घरी करता येईल.

मंजिरी_वि
जरूर. हे आकडे मनाचे आहेत, पद्धत दाखवण्यापुरते. दहा प्रयोगांचे हेक्टरी क्विंटल: ४, ६, ७, ८, ९, ११, १२, १४, १५, १९.

बेरीज १०५, सरासरी १०.५. प्रत्येक आकड्यातून १०.५ वजा करा, वर्ग करा, बेरीज येते १९०.५. तिला ९ ने भागा (दहातून एक कमी, कारण सरासरी याच आकड्यांतून काढली आहे). २१.१७. वर्गमूळ ४.६, हे प्रमाण विचलन. त्याला दहाच्या वर्गमुळाने भागा, १.४५. ही प्रमाण त्रुटी. दहा आकड्यांसाठी टी-तक्त्यातला गुणक २.२६ आहे, गुणाकार ३.३. म्हणजे ९५ टक्के अंतराल ७.२ ते १३.८ क्विंटल.

आता उंबरठा ११ धरा. सरासरी १०.५ आहे, म्हणजे तूट अर्ध्या क्विंटलची, भरपाई साडेचार टक्के. हेक्टरी ५०,००० रुपयांच्या संरक्षणावर सुमारे २,२७० रुपये. अंतरालाच्या खालच्या टोकाला खरं उत्पादन असेल तर भरपाई ३४ टक्क्यांच्या वर जायला हवी होती. वरच्या टोकाला असेल तर शून्य. आणि चिठ्ठीत १९ वालं शेत आलंच नसतं तर उरलेल्या नवांची सरासरी ९.५६, भरपाई १३ टक्के, सुमारे ६,५०० रुपये. एका शेताने एवढा फरक.

गोदाकाठ
मग ते १९ वालं काढून टाका!

मंजिरी_वि
नाही. ते चिठ्ठीने आलेलं शेत आहे, मोजणी बरोबर असेल तर ते राहणारच. वरचं काढायचं तर कंपनी म्हणेल खालचं ४ वालंही काढा. मोजणीत दोष असल्याचा पुरावा असेल तरच आकडा बाद व्हावा, आणि तो आकडा कुणाच्या बाजूचा आहे हे बघण्याआधी.

जोखीम_मापक
एक भर. तो ११चा उंबरठाही काही दगडावरची रेघ नाही. गेल्या सात वर्षांतल्या सर्वात चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढून तिला जोखीम स्तराने, म्हणजे त्यातला किती हिस्सा विमा धरतो त्या टक्केवारीने, गुणतात. ती सात वर्षंसुद्धा अशाच प्रयोगांतून आलेली. आणि सातातली वरची पाच निवडली की ज्या वर्षी योगायोगाने अंदाज जास्त आला तीही त्यात शिरतात, म्हणून ती सरासरी थोडी वर सरकते. जोखीम स्तर ७० टक्के असेल तर पुढे तो उंबरठा खूपच खाली येतो. भांडायचं तर या स्तरावरही भांडा.

निवृत्त_नांगर
@काळ्यारानातला, गणित मंजिरीताईंनी केलं, शेतातलं मी सांगतो. प्रयोगाची तारीख आधी कळवतात, त्या दिवशी हजर राहा. शेतकऱ्याला आणि ग्रामस्थांना तिथे उभं राहण्याचा हक्क आहे. टेप बघा, कर्ण मोजायला लावा, सुतळी जमिनीलगत आहे का बघा. निवडलेल्या गटात पीक आधीच काढून झालं असेल तर बदली शेत कोणतं घेतलं आणि कसं, हे विचारा. रस्त्याकडेचं सोयीचं शेत घेतलं तर चिठ्ठीचा सगळा अर्थच जातो.

आणि ओलावा! सोयाबीन ओलं असताना तोललं तर पाण्याचं वजन उत्पादनात जातं. १८ टक्के ओलाव्याला ४.२ किलो भरलं तर १२ टक्क्यांना ते ३.९ किलोच आहे. हेक्टरी ८.४ ऐवजी ७.८. दहाही ठिकाणी पावसाळी हवेत असंच तोललं तर ही मंजिरीताईंनी सांगितलेली एकाच दिशेची चूक झाली, आणि ती शेतकऱ्याच्या विरुद्ध जाते. वाळवून पुन्हा वजन घ्या असा आग्रह धरा.

काळ्यारानातला
फार मोलाचं मिळालं. शंभरात दहाची मागणी सोडतो. त्याऐवजी ग्रामसभेत ठरावासाठी हे ठेवणार आहे: बरड, भारी आणि बागायत असे थर पाडून चिठ्ठी टाकावी, प्रयोगांची संख्या वाढवावी, वजन वाळवून घ्यावं, आणि फक्त मंडळाची सरासरी न देता प्रत्येक प्रयोगाचा स्वतंत्र आकडा गट नंबरासह फलकावर लावावा. शेवटचं नाही झालं तर माहिती अधिकारात अर्ज करतो.

मंजिरी_वि
शेवटची मागणी सगळ्यात वर घ्या. सुटे आकडे मिळाले तरच त्रुटी काढता येते. मिळाले की इथे टाका, आपण मिळून गणित करू.

गोदाकाठ
ठरावात माझी दुसरी लढाईपण घाला. बुडालेल्या शेताचा स्वतंत्र पंचनामा.

काळ्यारानातला
वेगळा ठराव करू, @जोखीम_मापक म्हणाले तसं. तुमच्या गावातही सोमवारीच ग्रामसभा आहे ना? मसुदा आज रात्री व्यनि करतो.